लेबलभोवतीचे आकडे

जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमच्या दोन ब्रिटिश प्रती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. कव्हर एकच, फुलांच्या ताटव्यामागे उभी असलेली ती प्रसिद्ध रंगीबेरंगी गर्दी. गाणी तीच तेरा, क्रम तोच, साल १९६७. तरी एकीची किंमत दुसरीच्या कैकपट. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदार तोंड पाहून भाव सांगतोय. पण दुकानदार तबकडी बाहेर काढतो, उजेडात तिरपी धरतो आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या काळ्या पट्ट्यात उमटलेली बारीक अक्षरं आणि आकडे दाखवतो. दोन्ही प्रती वाजवून पाहिल्या, तर कोडं आणखी वाढतं. त्या वेगळ्या ऐकू येतात. 'शी इज लीव्हिंग होम' हे गाणं एका प्रतीत चढ्या स्वरात आणि जलद लयीत आहे, दुसरीत खालच्या स्वरात आणि सावकाश.

गाणी तीच, गाणारे तेच, ध्वनिमुद्रणही तेच. मग हा फरक कुठून आला? त्याचा एक भाग स्टुडिओत घडतो आणि दुसरा कारखान्यात. रेकॉर्ड गोळा करणाऱ्याला हे दोन्ही भाग कळले की लेबलभोवतीचे आकडे वाचता येऊ लागतात.

स्टुडिओच्या टेबलावर जन्मलेलं संगीत

१९६६-६७ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत जे सायकेडेलिक पॉप आलं, त्यात एलएसडीसारख्या पदार्थांनी बदललेल्या भानाचा अनुभव ध्वनीत उतरवण्याची धडपड होती. उलट्या फिरवलेल्या टेप, मुद्दाम मंद किंवा जलद केलेले आवाज, तंबोऱ्याचा अखंड नाद, एकाच आवाजाच्या किंचित मागेपुढे सरकणाऱ्या दोन छटा, अशी ती सामग्री होती. यातलं बरंचसं मंचावर वाजवणं त्या काळात शक्यच नव्हतं. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि त्यानंतर ते लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत जाऊन बसले.

तिथे त्यांच्या हाताशी चारच ट्रॅकची यंत्रं होती. एका टेपवर चार समांतर पट्टे, आणि प्रत्येकावर वेगळं ध्वनिमुद्रण. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एकदोन पट्ट्यांवर उतरवायचे, म्हणजे नव्या वाद्यांना जागा होते. शेवटी हे सगळे पट्टे एकत्र करून अंतिम टेप बनवायची. यालाच मिक्सिंग म्हणतात. कोणता आवाज किती मोठा, कुठे उचलायचा, कुठे दाबायचा, हे सगळं माणसं हातानं करत. संगणक नव्हता, त्यामुळे एकदा केलेलं मिक्स तसंच्या तसं पुन्हा करणं अवघड होतं.

त्यात ईएमआयचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये एक युक्ती शोधली होती. गायकाला तीच ओळ दोनदा गायला लावण्याऐवजी त्याचा आवाज दुसऱ्या टेप-यंत्रातून फिरवायचा, त्या यंत्राचा वेग हातानं किंचित कमीजास्त करायचा आणि तो मूळ आवाजात मिसळायचा. एकच माणूस दोन जागांहून गातोय असं वाटतं, आणि वेग हलत राहिला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लवलवतो. वेगाची ती कळ ज्या हातात असेल, त्याच्या हालचालीवर परिणाम अवलंबून. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'च्या मोनो मिक्समध्ये हा लवलवता परिणाम स्टिरिओपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. कारण एवढंच की ती दोन मिक्सिंग वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी नव्यानं हातानं झाली.

मोनो म्हणजे सगळा ध्वनी एकाच वाहिनीत. स्टिरिओ म्हणजे डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. १९६७ साली ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत मोनो प्लेअरच होते. म्हणून बीटल्स स्वतः हजर राहिले, मतं देत राहिले ते मोनो मिक्सिंगच्या वेळी. स्टिरिओचं काम निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनि-अभियंता जेफ एमरिक यांनी नंतर, थोड्याच दिवसांत, चौघांच्या गैरहजेरीत उरकलं. मोनोसाठी 'शी इज लीव्हिंग होम'चा वेग वाढवला होता, स्टिरिओत तो वाढवलाच गेला नाही. शीर्षकगीत शेवटाकडे पुन्हा येतं, तिथे पॉल मॅकार्टनी यांची आरोळी मोनोत ठळक आहे, स्टिरिओत जवळजवळ हरवलेली.

म्हणून या अल्बमची मोनो प्रत मला अधिक मोलाची वाटते. बँडनं मान्य केलेली कृती ती आहे. स्टिरिओचे आनंद वेगळे आहेत, हेही खरं. 'अ डे इन द लाइफ'मध्ये जॉन लेनन यांचा आवाज खोलीच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जातो, ते मोनोत होणं शक्यच नाही.

खाचेत आवाज कसा मावतो

लाँग प्लेइंग रेकॉर्ड, म्हणजे एल.पी., १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं बाजारात आणली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. एका बाजूला एकच अखंड खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. तिची रुंदी साधारण मिलिमीटरचा विसावा भाग, आणि वीस मिनिटांच्या बाजूची खाच उलगडली तर लांबी चारशे मीटरच्या वर भरेल. मोनो रेकॉर्डमध्ये ही खाच डावी-उजवीकडे नागमोडी हलते. सुई त्याबरोबर हलते, त्या हालचालीपासून वीज तयार होते आणि विजेपासून आवाज.

एकाच खाचेत दोन वाहिन्या बसवण्याचा उपाय ईएमआयचे अभियंते ॲलन ब्लमलीन यांनी १९३१ च्या पेटंटमध्ये मांडला होता. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, तिच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरप्या. एका भिंतीवर डावी वाहिनी कोरायची, दुसरीवर उजवी. त्यामुळे स्टिरिओ रेकॉर्डमध्ये सुई आडवी हलतेच, शिवाय वरखालीही हलते. बाजारात अशा रेकॉर्ड्स यायला मात्र १९५० चं दशक संपत यावं लागलं.

यातून संग्राहकाला एक कामाची गोष्ट मिळते. मोनो रेकॉर्डमध्ये खरा आवाज फक्त आडव्या हालचालीत आहे. धूळ आणि ओरखडे सुईला वरखालीही नाचवतात. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल आणि ते दाबलं, तर दोन्ही वाहिन्या एकत्र होताना ही वरखाली हालचाल परस्परांत रद्द होते आणि खरखर बरीच कमी होते. जुनी मोनो प्रत ऐकताना हे बटण नक्की दाबावं.

दुसरी गोष्ट वेगाची. तबकडी सारख्याच गतीनं फिरत असली, तरी बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ मात्र २० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचा आवाज आत निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. वळणं दाट होतात, सुई त्यांत नीट शिरत नाही, आवाज फाटतो. शहाणे संगीतकार बाजूच्या शेवटी हळुवार गाणं ठेवतात. 'सार्जंट पेपर'च्या दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे 'अ डे इन द लाइफ', आणि त्यात चाळीस वादकांचा वाद्यवृंद सगळ्यांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत उसळत जातो, तोही दोनदा. म्हणून या अल्बमची वापरलेली प्रत विकत घेताना पहिलं गाणं ऐकून भागत नाही. दुसऱ्या बाजूचा शेवट ऐकायचा. जड सुईच्या जुन्या प्लेअरवर ती प्रत घासली गेली असेल, तर नुकसान तिथेच आधी कळतं.

त्या शेवटानंतरही ब्रिटिश प्रतीत काही आहे. आधी १५ किलोहर्ट्झची एक कर्कश शीळ, जी कुत्र्यांना ऐकू जाते आणि वय झालेल्या कानांना सहसा नाही. मग लेबलाभोवती गोल फिरणाऱ्या शेवटच्या खाचेत निरर्थक बडबडीचा तुकडा. सुई आपोआप उचलली जात नसेल तर तो न थांबता वाजत राहतो. त्या वेळच्या अमेरिकन प्रतींत हे नव्हतं.

साच्यांची वंशावळ

आता कारखाना. पेणच्या गणपती कारखान्यात एक मूळ मूर्ती घडवतात, तिच्यावरून साचा काढतात आणि साच्यातून शेकडो मूर्ती. साचा वापरून झिजला की बोटांची टोकं, दागिन्यांची नक्षी बोथट होत जाते. साच्यातून आलेल्या पहिल्या काही मूर्ती आणि शेवटच्या काही मूर्ती जाणकाराला वेगळ्या ओळखू येतात. रेकॉर्डचंही असंच आहे, फक्त साच्याच्या पिढ्या जास्त.

अंतिम टेपवरचा आवाज आधी लॅकरवर कोरतात. लॅकर म्हणजे ॲल्युमिनियमच्या तबकडीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर. तापवलेली टोकदार सुई त्यात खाच कापत जाते. या कोरीव कामात कौशल्य लागतं. आवाज फार मोठा कोरला तर खाच शेजारच्या खाचेत घुसते, फार लहान कोरला तर खरखर वर येते. शिवाय खर्ज मुद्दाम कमी करून आणि तार वाढवून कोरतात, नाहीतर खर्जाची रुंद वळणं सगळी जागा खाऊन टाकतील. ऐकताना ॲम्प्लिफायर त्याची उलट भरपाई करतो. 'सार्जंट पेपर' ॲबी रोडवर हॅरी मॉस यांनी कापला.

लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या साहाय्यानं निकेल चढवतात. ते सोलून काढलं की खाचेच्या जागी उंचवटे असलेला धातूचा 'फादर' मिळतो. फादरवरून 'मदर', जिच्यात पुन्हा खाच असते. मदरवरून 'स्टँपर', म्हणजे दाबायचा साचा. दोन स्टँपरमध्ये तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा ठेवून दाबला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास रेकॉर्ड तयार. एका स्टँपरमधून साधारण हजारभर किंवा थोड्या अधिक प्रती चांगल्या निघतात, मग तो बदलायचा. मदर झिजली की नवी मदर. सगळंच संपलं की टेप काढून नवं लॅकर कापायचं.

ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यातल्या रेकॉर्ड्सवर ही वंशावळ लिहिलेली असते. लेबलाखालच्या पट्ट्यात, घड्याळातल्या सहाच्या जागी, मॅट्रिक्स नंबर. 'सार्जंट पेपर'च्या पहिल्या बाजूसाठी मोनोत तो एक्सईएक्स ६३७, स्टिरिओत वायईएक्स ६३७. त्यापुढे रेघ आणि आकडा असतो, तो लॅकरचा क्रम. रेघेपुढे १ असेल तर पहिलं लॅकर. डावीकडे, नऊच्या जागी, मदरचा क्रम आकड्यात. उजवीकडे, तीनच्या जागी, स्टँपरचा क्रम अक्षरांत. त्यासाठी ईएमआयच्या ग्रामोफोन कंपनीनं आपल्याच नावातून दहा अक्षरं घेतली होती: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, अशा क्रमानं टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे शून्य. स्टँपरच्या जागी 'आर ए' असेल तर तेविसावा स्टँपर.

या आकड्यांतून कधीकधी वेगळंच गाणं हाती लागतं. 'रिव्हॉल्व्हर' ५ ऑगस्ट १९६६ रोजी ब्रिटनमध्ये निघाला. त्याचं शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज'. त्यात टेपचे छोटे तुकडे गोल जोडून अनेक यंत्रांवर एकाच वेळी फिरवले होते. त्यातून निघालेले ओरडण्यासारखे, पक्ष्यांच्या कलकलाटासारखे आवाज मिसळले गेले. या गाण्याची मोनो मिक्स एकाहून जास्त केली होती. त्यांतलं अकरावं मिक्स आधी निवडलं गेलं. मग जॉर्ज मार्टिन यांचं मत बदललं आणि त्यांनी आठवं वापरायला सांगितलं. तोवर अकराव्या मिक्सच्या काही प्रती छापून झाल्या होत्या. मोनो 'रिव्हॉल्व्हर'च्या दुसऱ्या बाजूला एक्सईएक्स ६०६-१ असेल, तर ते गाणं त्या टाकून दिलेल्या मिक्समधलं आहे. त्यात टेपच्या तुकड्यांची मांडणी वेगळी ऐकू येते आणि शेवटचा पियानो थोडा जास्त वेळ टिकतो.

चौकट: ब्रिटिश प्रत हातात आली की
आधी लेबल पाहावं. बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या पार्लोफोनचं काळं-पिवळं लेबल १९६९ पर्यंतचं, त्यानंतर काळं-चंदेरी. मग मॅट्रिक्स: एक्सईएक्स म्हणजे मोनो, वायईएक्स म्हणजे स्टिरिओ. त्यानंतर लॅकर, मदर आणि स्टँपर. 'सार्जंट पेपर'च्या आत कापून घ्यायच्या चित्रांचा पुठ्ठा आणि 'द फूल' या चमूनं रंगवलेली लाल-गुलाबी लाटांची आतली पिशवी आहे का ते पाहावं. शेवटी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं वाजवून घ्यावं.

लहान आकड्याच्या मागे लागून खराब प्रत घेणारे संग्राहक बरेच आहेत. मला ते पटत नाही. पहिला स्टँपर असला तरी तबकडी ओरबाडलेली असेल, तर त्यातली तीक्ष्णता ऐकू येणार नाही. अमेरिकेतल्या 'गोल्डमाइन' मासिकाच्या प्रतवारीत नव्यासारख्या प्रतीला पूर्ण किंमत धरली, तर एक पायरी खालच्या प्रतीला निम्मी आणि आणखी एक पायरी खाली जवळपास चतुर्थांश. अवस्थेला बाजार एवढं वजन देतो आणि ते योग्य आहे. दुर्मिळतेचा बाजार मात्र वेगळ्याच हिशेबानं चालतो. १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या दुहेरी अल्बमवर क्रमांक छापलेले असत. रिंगो स्टार यांच्याकडची पहिल्या क्रमांकाची प्रत २०१५ मध्ये लिलावात ७,९०,००० डॉलरना गेली. तिच्यातला आवाज त्याच साच्यातून निघालेल्या शेजारच्या प्रतींसारखाच असणार.

अटलांटिकच्या पलीकडे

अमेरिकेतली कॅपिटॉल कंपनी बीटल्सचे अल्बम आपल्या सोयीनं कापत असे. ब्रिटिश 'रिव्हॉल्व्हर'मध्ये १४ गाणी, अमेरिकनमध्ये ११. लेनन यांची तीन गाणी कंपनीनं आधीच दुसऱ्या अल्बमसाठी वापरली होती, त्यामुळे अमेरिकन प्रतीत लेनन यांची दोनच मुख्य गाणी उरतात आणि अल्बमचा तोल बिघडतो. 'मॅजिकल मिस्टरी टूर'ची गोष्ट उलटी. ब्रिटनमध्ये ते डिसेंबर १९६७ मध्ये दोन छोट्या तबकड्या आणि चित्रपुस्तिका अशा रूपात आलं, अमेरिकेत त्याला आधीची सुटी गाणी जोडून पूर्ण एल.पी. केली. पण स्टिरिओ म्हणून विकलेल्या त्या एल.पी.तली तीन गाणी खोट्या स्टिरिओत होती. एकाच मोनो आवाजातला खर्ज एका बाजूला, तार दुसऱ्या बाजूला वळवून आणि थोडं मागेपुढे सरकवून रुंदीचा भास केलेला. सगळी गाणी खऱ्या स्टिरिओत हवी असतील तर १९७१ ची जर्मन प्रत शोधतात. ती ब्रिटिश नाही, पहिलीही नाही, तरी जाणकार तिला मान देतात.

डमडम आणि मुंबई

भारतात बीटल्सच्या रेकॉर्ड्स कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबल्या जात, लेबल पार्लोफोनचंच. 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर श्री युक्तेश्वर, लाहिरी महाशय, परमहंस योगानंद आणि महावतार बाबाजी दिसतात. महात्मा गांधींचं चित्रही त्या गर्दीत उभं केलं होतं. भारतातल्या विक्रीचा विचार करून ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी ते काढायला लावलं. 'रिव्हॉल्व्हर'च्या मागच्या बाजूला 'लव्ह यू टू' या गाण्याच्या तबल्यासाठी अनिल भागवत यांचं नाव छापलेलं आहे. बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं दुर्मिळ होतं.

जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईला आले आणि फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. शिवकुमार शर्मा, आशिष खान यांच्यासारखे वादक त्यात होते. दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र ईएमआयचे भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून रेल्वेनं आणलं होतं. 'वंडरवॉल म्युझिक' नोव्हेंबर १९६८ मध्ये आला. ॲपल या बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीचा तो पहिला अल्बम, आणि कुठल्याही बीटलचा पहिला एकट्याचा अल्बम. ब्रिटनमध्ये तो मोनो आणि स्टिरिओ दोन्हींत निघाला. त्याच मुंबई मुक्कामात 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची. ते गाणं मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं, बँडच्या तेव्हाच्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. म्हणून फक्त एल.पी. जमवणाऱ्यांच्या संग्रहातून ते निसटतं. मराठी संग्राहकानं ती ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आवर्जून मिळवावी असं मला वाटतं.

सुरुवात करणाऱ्यासाठी

पीव्हीसीला दमट हवेचं फारसं काही वाटत नाही, कागदाला वाटतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते आणि ती आतल्या पिशवीमार्फत तबकडीवर उतरते. रेकॉर्ड्स उभ्या, भिंतीपासून थोड्या दूर ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. तबकडी प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या नव्या पिशवीत घालावी आणि मूळ रंगीत पिशवी कव्हरमध्येच वेगळी जपावी, कारण कोरड्या कागदावर घासून बारीक ओरखडे पडतात. पुसायचं ते खाचेच्या दिशेनं, गोल, आणि लेबलावर पाणी जाऊ न देता.

पहिली छापील मोनो प्रत परवडत नसेल तर २०१४ चं मोनो पुनर्मुद्रण शोधावं. ते मूळ मोनो टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न घेता कापलं आहे. २०१२ च्या स्टिरिओ प्रती डिजिटल आवृत्तीवरून केलेल्या होत्या. जाइल्स मार्टिन, म्हणजे जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव, यांनी २०१७ मध्ये 'सार्जंट पेपर'चं नवं स्टिरिओ मिक्स केलं. पट्टे एकत्र होण्याआधीच्या टेपपर्यंत ते मागे गेले आणि मोनो मिक्स समोर ठेवून त्यांनी काम केलं, त्यामुळे त्यात 'शी इज लीव्हिंग होम' मोनोच्या वेगात आहे. ते नवीन रेकॉर्ड्सच्या दुकानात सहज मिळतं. आधी ते घ्यावं, मग जमेल तेव्हा मोनो मिळवून दोन्ही एकाच संध्याकाळी लागोपाठ ऐकावीत, 'लूसी'पासून सुरुवात करून.